उजव्या डोळ्यातला कोळसा

मोतीबिंदूची तपासणी होती. हनुवटी टेकवून, कपाळ त्या पांढऱ्या पट्टीला लावून मी बसले होते आणि प्रकाशाची एक उभी रेघ उजव्या डोळ्यावरून हळूहळू सरकत होती. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ती रेघ एका जागी थांबवली, थोडी मागे घेतली, पुन्हा तिथेच आणली. म्हणाल्या, "काकू, तुम्ही कधी वेल्डिंगजवळ वगैरे काम केलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, जन्मभर शाळेत शिकवलं." "मग लहानपणी डोळ्यात काहीतरी गेलं असणार. बुबुळावर जुना व्रण आहे. एवढासाच आहे, टाचणीच्या टोकाएवढा. नजरेच्या मध्यावर नाही, म्हणून तुम्हाला कधी जाणवलं नसेल. त्याची काळजी नको." आणि ती रेघ पुढे सरकली. मोतीबिंदूबद्दल त्या नंतर दहा मिनिटं बोलल्या, लेन्सचे प्रकार सांगितले, तारीख दिली. मी मान डोलवत होते, पण मन त्या टाचणीच्या टोकावर अडकून बसलं होतं.

परत येताना रिक्षात बसले तेव्हा औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या. दुकानांच्या पाट्या, झाडं, माणसं, सगळ्यांच्या कडा विरघळून पांढऱ्या झालेल्या. डोळे मिटून घेतले. बासष्ट वर्षं वापरलेला डोळा, याच डोळ्यानं वाचलं, सुईत दोरा ओवला, हजारो वह्या तपासल्या, आणि त्याच्यावर एक खूण आहे हे मला माहीतच नव्हतं. कुठे लागलं असेल, केव्हा, काही केल्या सुचेना. घरी पोचले. पाऊस नुकता पडून गेला होता. जिना चढताना नीट दिसत नव्हतं म्हणून लोखंडी कठडा घट्ट धरून चढले, आणि दाराशी येऊन किल्ली काढताना तळहाताला त्या ओल्या लोखंडाचा वास आला. खिडकीच्या आडव्या गजांचा वास. ओलं लोखंड, त्यात जळका कोळसा, त्यात गरम तेल. किल्ली हातात तशीच राहिली.

कोळसा गेला होता डोळ्यात.

बार्शी लाईटच्या गाडीत. आमच्या घरात तिला नुसतं 'लाईट' म्हणायचे. "सकाळच्या लाईटनं निघू," "लाईट आज दोन तास उशिरा आहे म्हणे." शाळेत इंग्रजी सुरू झाल्यावर कळलं की लाईट म्हणजे हलकी. तोवर मला वाटायचं, इंजिनाच्या कपाळावर तो मोठा दिवा असतो म्हणून तिचं नाव लाईट. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे मी आणि दादा रुळांत उभे राहून हात पसरले की दोघांचे हात बाहेर जायचे. डबे लहान, बाकं लाकडाची, आणि समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. त्यामुळे गाडीत परकं कुणी राहतच नसे. समोरच्या बाईचं लुगडं आपल्या पायांना लागतंय, तिच्या मांडीवरचं मूल आपल्याकडे टक लावून बघतंय, मग "कुठल्या तुम्ही?" सुरू व्हायला पांगरीसुद्धा यावं लागत नसे.

आमच्या सहली म्हणजे तरी काय, दोनच दिशा. एक कुर्डुवाडीला मामाकडे आणि तिथून दुसऱ्या गाडीनं पंढरपूर. दुसरी उलटीकडे, पांगरी, येडशी, ढोकी करत लातूरच्या बाजूला. खिडकीवरून मी आणि दादा भांडायचो, पण ते भांडण ठरल्या वळणानं जायचं. दादाला इंजिनाकडे पाठ करून बसायचं असे, कारण तिथं कोळसा लागत नाही. मला इंजिनाकडे तोंड हवं. वळण आलं की पुढचं काळं धूड वाकताना दिसायचं, बाजूचा तो लांब दांडा चाकांना ढकलत पुढे-मागे पळताना दिसायचा, आणि धूर आधी आपल्या अंगावर यायचा की शेतात वळायचा हे वाऱ्यावर असायचं. आई दर स्टेशनाला एकदा सांगायची, "डोकं आत घे." मी घ्यायची. स्टेशन मागे पडलं की पुन्हा गजांना गाल लावून बसायची.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा या गाडीबद्दल बरंच वाचत बसले, डाव्या डोळ्यानं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती बांधली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं आणि इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळं त्या हिशेबानं बेतलं. भार हलका म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून खर्च कमी. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला, तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनचंच नाव 'बार्सी रोड' होतं. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती कंपनीकडून घेतली. म्हणजे मी बसले ती गाडी सरकारी होती, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'कंपनीची गाडी' हाच शब्द होता. याच कॅलथ्रॉपनं पुढे विमानातल्या माणसांसाठी पॅराशूट बनवलं, हे वाचून मी थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवला. आधी जमिनीवरचा भार हलका करत होता, मग आकाशातून पडणाऱ्या माणसाचा. आमच्या गावाच्या नावाला 'लाईट' हा शब्द ज्यानं जोडला, त्याची एवढी तरी ओळख मला आयुष्यात आधी व्हायला हवी होती.

मामा कुर्डुवाडीला रेल्वेच्या चाळीलगत राहायचा. शेजारी एक फायरमनकाका होते. लहान लाईनच्या इंजिनावरचे. ड्युटीवरून आले की अंगणातल्या बाजेवर बसायचे आणि काकू त्यांच्यासमोर घमेल्यात गरम पाणी आणून ठेवायच्या. त्यात सोडा टाकलेला. कोपरापर्यंत हात बुडवून ते बराच वेळ तसेच बसून राहायचे, डोळे मिटून. त्यांच्या हातांवर लहान लहान गुळगुळीत पांढरे डाग होते, भाजल्याचे. डोळे कायम लाल. काकू त्यांचे कपडे घरच्या कपड्यांत कधी भिजवत नसत, त्यांना वेगळी बादली होती. कणसांच्या दिवसांत ते फावड्यावर कणसं भाजून आणायचे आणि आम्हाला वाटायचे. त्या कणसांना कोळशाचा वास असायचा, तो आम्हाला फार आवडायचा. आता मला त्या घमेल्यातलं पाणी आठवतं. हात काढल्यावर वर तरंगणारी तेलाची साय आणि तळाशी बसलेला काळा गाळ.

एकदा त्यांनी मला आणि दादाला यार्डात उभ्या असलेल्या इंजिनावर चढवलं. पायऱ्या इतक्या उंच की मला त्यांनी बखोटीला धरून वर ओढलं. आत उभं राहायला जागा नव्हती आणि उष्णता अशी की पापण्यांचे केस जळतात की काय. त्यांनी पायानं एक खटका दाबला, भट्टीचं झाकण उघडलं. आत तांबडं काही नव्हतंच. पांढरं होतं, आणि ते थरथरत होतं. "आगीकडे सरळ बघायचं नाही पोरी, कडेला बघ," ते म्हणाले. "सरळ बघितलं की मग बाहेरचा सिग्नल दिसत नाही, नुसती काळी वाटोळी दिसतात." मग त्यांनी ते सांगितलं जे मी पुढे कित्येक वर्षं वर्गात मुलांना सांगत आले. झुकझुक हा आवाज चाकांचा नसतो. सिलिंडरमध्ये काम करून थकलेली वाफ चिमणीतून बाहेर फेकली जाते, तिचा तो आवाज. चाकाच्या एका फेऱ्याला चार वेळा. आणि ती वाफ बाहेर जाताना आपल्याबरोबर भट्टीतली हवा ओढून घेते, म्हणून आग फुलते. भाता वेगळा लागत नाही. चढावर इंजिन जितकं जोरात ओढेल, तितका तो झोत जोरात, तितकी आग पांढरी. "आणि कोळसा अर्धवट जळालेलाच उडतो मग वरनं," काकांनी हसून सांगितलं, "तो तुमच्या डोळ्यात."

पंढरपूरला आम्ही आषाढीला कधी गेलो नाही. अण्णा गर्दीला घाबरायचे. पण वारीच्या दिवसांत मामाकडे असलो की स्टेशनावर जाऊन बघायचो. गाडीच्या टपावर माणसं, पायऱ्यांवर माणसं, मालडब्यांत उभी माणसं, आणि इंजिनानं शिट्टी दिली की सगळ्यांचा मिळून 'पुंडलिक वरदे' उठायचा. आमची आजी गाडीत चढण्याआधी इंजिनापर्यंत चालत जायची आणि हात जोडायची. ड्रायव्हर ओळखीचा असल्यासारखा मान हलवायचा. आम्ही जायचो ते माघ-फाल्गुनात, उन्हं तापायच्या आधी. पन्नासेक किलोमीटरचं अंतर, पण मोडनिंबला गाडी अशी थांबायची की खाली उतरून चहा पिऊन, चिंचेखाली बसून लोक पुन्हा सावकाश चढायचे. येताना सगळ्यांच्या कपाळाला बुक्का आणि गालांना काजळी. घरी आल्यावर आई आम्हाला शिकेकाईनं न्हाऊ घालायची तेव्हा पहिले चार तांबे काळं पाणी जायचं. "कसली मेली ती सहल, दोन दिवस नुसतं धुणं," असं ती दर वेळी म्हणायची. मी तेव्हा ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी लाईट म्हणजे खिडकी होती, आणि तिच्यासाठी पांढऱ्या कपड्यांवरचे डाग. तिला ती गाडी आवडत होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात आम्ही एकदाच गाडीत बसलो. बाहेर जमीन अशी की धूर शेतावरून गेला तर रंगात फरक कळू नये. एका लहान स्टेशनात गाडी थांबली तेव्हा बायका-पोरं घागरी, डबे, कळशा घेऊन इंजिनाकडे धावली. इंजिनाच्या पाण्याला तेलाचा तवंग असतो, तरी ते मागत होत्या. ड्रायव्हर हातानं नको नको करत होता, त्यालाही पुढच्या टाकीपर्यंत पुरवायचं होतं. शेवटी त्यानं खालची एक तोटी थोडी सोडली. वाफाळतं पाणी. एका बाईचा हात पोळला, पण तिनं घागर सोडली नाही. आईनं माझं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. आमच्या फिरकीच्या तांब्यात पाणी होतं, आणि ढोकी येईपर्यंत आमच्यापैकी कुणीही तो तांब्या उघडला नाही.

यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला गेली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर सगळे मिरज आणि लातूर ही दोन नावं घेत होते. मी मात्र मधली स्टेशनं म्हणत होते, स्वयंपाकघरात उभी राहून: सांगोला, पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी, बार्शी. ती आमचीच वाट होती. रूळ रुंद झाले होते, काही ठिकाणी वळणं बदलली होती, येडशीच्या पुढे तर ती आता धाराशिवला जाऊन मग लातूरला जाते, आमच्या गाडीला ते गाव ठाऊकही नव्हतं. पण तहान त्याच वाटेवर उभी होती.

आता रामलिंगच्या सहलीकडे येते, कारण कोळसा गेला तो तिथेच, हे मला पक्कं आठवत होतं. श्रावण महिना, १९७५, मी सातवीत. बार्शीहून सकाळची गाडी, येडशीला उतरायचं आणि जंगलातून चालत रामलिंगच्या देवळाला. बरोबर दशम्या आणि शेंगाची चटणी. पांगरी सोडली की बालाघाट सुरू होतो. तोवर सपाट, काळं रान, आणि मग हळूहळू गाडीच्या दोन्ही बाजूंनी हिरवं वर येऊ लागतं. साग, सीताफळीची झुडपं, दगडांवरून घसरणारं पाणी. गाडी इतकी सावकाश चढायची की मोठी पोरं उतरून डब्याबरोबर चालायची, हाताला येईल ते तोडायची आणि पुन्हा चढायची. पाऊस भुरभुरत होता. आम्ही मुली गात होतो. एका चढावर काय झालं, तो संथ झुक… झुक… एकदम एकात एक मिसळून गेला, घरघर करत धावला, आणि गाडी मात्र जागच्या जागी. ओल्या रुळांवर चाकं घसरली होती. मी बघायला डोकं बाहेर काढलं. खलाशी उतरून रुळांवर वाळू टाकत होता. तेवढ्यात चाकं पुन्हा फिरली, आणि चिमणीतून जो लोट उसळला त्यात ठिणग्या होत्या, दिवसाउजेडी दिसाव्यात अशा. मग उजव्या डोळ्यात काहीतरी आलं. आधी काही दुखलं नाही, नुसतं गरम लागलं.

आणि पुढची आठवण अशी: आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. पदराचं टोक तोंडात ओलं केलं, दोन बोटांत वळून त्याची वात केली, अंगठ्यानं वरची पापणी उलटवली. "वर बघ. आता खाली बघ. मिटू नको गं." तिच्या अंगठ्याला शेंगाच्या चटणीचा वास. डोळ्याच्या पाण्यातून तिचा चेहरा वितळल्यासारखा. ही आठवण माझ्यापाशी पन्नास वर्षं आहे. आई गेल्यावर तर मी ती कितीदा काढून पाहिली असेल.

दादाला फोन केला. तो लातूरला असतो. मी सगळं सांगितलं, डॉक्टर, व्रण, रामलिंग, आई. तो सगळं ऐकून म्हणाला, "अगं, पण आई कुठं होती? ती शाळेची सहल होती तुझी. पालक नव्हतेच. तुला सोडायला मीच आलो होतो स्टेशनवर."

मी फोन ठेवला तेव्हा खोलीत अंधार झाला होता आणि मला दिवा लावायचं सुचलं नाही.

बरोबरच होतं त्याचं. शाळेची सहल. आई डब्यात असायचं काही कारणच नाही. मग मांडी कुणाची? डोळे मिटून पुन्हा पुन्हा तो डबा आठवू लागले. गाणाऱ्या मुली आल्या, पाऊस आला, ठिणग्या आल्या. मांडीशी आले की आईचा चेहरा यायचा. मी तो बाजूला सारून बघायचा प्रयत्न केला आणि ते करताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. हळूहळू आलं ते एक लुगडं, नऊवारी नव्हे, पाचवारी. आई तेव्हा नऊवारी नेसायची. फिकट निळं, बारीक काठाचं. आमच्या वर्गाच्या बाईंचं. शेंगाची चटणीही त्यांनीच सगळ्या मुलींना दशमीवर वाढली होती, चमचा नव्हता म्हणून बोटांनी. त्यांचं आडनाव आठवतं, चेहरा अजिबात नाही. ज्या बाईंनी माझा डोळा इतक्या जवळून पाहिला, त्यांचा चेहरा मी पुसून टाकला आणि त्या जागी आई बसवली.

हे मला बोचलं ते आणखी एका कारणासाठी. मी स्वतः तेहतीस वर्षं मुलांना सहलीला नेलं. बसमध्ये, किल्ल्यांवर, धरणांवर. किती मुलांच्या डोळ्यांतलं कस्पट रुमालाच्या टोकानं काढलं, किती जणांचं डोकं मांडीवर घेतलं. हे सगळं मी करत होते ते कुणाकडून शिकले होते, तर त्या निळ्या लुगड्याकडून. आज ती मुलं पन्नाशीला आली असतील. त्यांच्या आठवणीत माझ्या जागी त्यांच्या आया बसल्या असतील तर मला वाईट वाटेल का, असं स्वतःला विचारलं. थोडं वाटेल. खोटं कशाला बोलू.

वाफेची इंजिनं केव्हा गेली ते मला कळलंही नाही. माझं लग्न झालं, मी पुण्याला आले, माहेरी एसटीनं जाऊ लागले. लहान लाईनवर कधीतरी डिझेल आलं, पुढे लाईनच उखडली. देशात ब्रॉडगेजवरची शेवटची वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधरहून फिरोजपूरला गेली. त्या दिवशी मी बहुधा सातवीच्याच वह्या तपासत बसले असेन. फायरमनकाकांबद्दल मामीनं एकदा सांगितलं होतं की शेवटी शेवटी त्यांना खोकल्यानं झोपता येत नसे, भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढायचे. वाफेच्या इंजिनाची फार ओढ दाटून आली की मी ती भिंतही आठवते. तरी ओढ कमी होत नाही. दोन्ही एका वेळी असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासणी होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "लेन्स बदलताना तो व्रणही काढणार का?" त्या म्हणाल्या, "नाही काकू, तो वरच्या पारदर्शक पडद्यावर आहे, लेन्स आत असते. त्याला आम्ही हातही लावणार नाही. का, त्रास होतोय?" मी म्हटलं, "नाही, नाही. राहू दे." त्यांना काय वाटलं कोण जाणे. मग त्या आपण होऊनच म्हणाल्या, "असा व्रण उरतो तो बहुतेक वेळा कण लगेच न निघाल्यामुळे. काही तास आत रुतून राहिला असेल."

काही तास.

रामलिंगचं देऊळ मला सपाट आठवतं. नेहमी वाटायचं, असं का? तिथला धबधबा, माकडं, देवळाच्या मागची दरी, हे सगळं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं, खोली नसलेलं. बाई जटायूची गोष्ट सांगत होत्या, की रावणाशी लढून तो इथे पडला आणि रामानं त्याला इथे मांडीवर घेतलं. मी ती गोष्ट ऐकत होते एका डोळ्यावर ओला रुमाल धरून. मी अख्खं रामलिंग डाव्या डोळ्यानं पाहिलं होतं. म्हणजे बाईंना तो कोळसा निघालाच नव्हता. त्यांनी प्रयत्न केला, गाडी हलत होती, माझा डोळा मिटत होता, आणि शेवटी रुमाल बांधून दिला.

हे सगळं मी रात्री दादाला सांगितलं. उद्या ऑपरेशन म्हणून त्यानंच फोन केला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थांब. रुमाल. अगं, रुमाल बांधलेला होता खरा. मी आणि आई तुला घ्यायला आलो होतो. गाडी उशिरा आली, अंधार पडला होता. तू उतरलीस ती एका डोळ्यानं आम्हाला शोधत. तुझ्या बाई आईला काहीतरी सांगत होत्या, घाबरलेल्या होत्या. आणि आईनं तुला तिथंच, फलाटावरच्या बाकड्यावर घेतलं. दिसेना म्हणून गार्डला म्हणाली, जरा दिवा धरा हो इकडं."

दिवा. तो हातातला, बाजू फिरवली की तांबडा-हिरवा होणारा. गार्डनं त्याची पांढरी काच माझ्याकडे केली होती. मला काच आठवली, तिच्यामागची ज्योत आठवली, आणि दिव्याच्या टिनाला लागलेलं घासलेटाचं बोट. मागे इंजिन उभं होतं, सुस्कारे सोडत, आणि ते सुटायचं थांबलं होतं, कारण दिवा आमच्यापाशी होता. आईच्या पदराचं टोक ओलं, गार. चटणीचा वास नव्हता. बाई बाजूला वाकून बघत होत्या, त्यांचा हात माझ्या कपाळावर.

मग आईनं पदर दिव्यासमोर धरला. तिच्या पांढऱ्या लुगड्याच्या टोकावर एक काळा ठिपका.

"हे बघ," ती म्हणाली. "एवढंसंच होतं."